जुनं मशीन ग्राहकाकडे

मुलुंड पूर्व,
४ ऑगस्ट १९८६

चि. नंदकिशोर यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद पहिल्याच ओळीत उरकून घेतले, पुढे फारसे सापडायचे नाहीत.

माझ्या गॅरेजमध्ये दत्ताराम घाडी खिडक्यांच्या ग्रिलचं काम करतो, हे तुला ठाऊक आहे. मिल बंद पडल्यावर माणसं दारूला लागली, हा वेल्डिंग शिकला. गेल्या वर्षापर्यंत भाड्याचं मशीन वापरत होता. डिसेंबरात स्वतःचं घ्यायची वेळ आली तेव्हा मी मोठ्या विश्वासाने तुला विचारलं, कारण वज्रतेज इलेक्ट्रिकल्सच्या सर्व्हिस खात्यात आपला मावसभाऊ बसलेला असताना बाहेर कशाला विचारायचं. तू म्हणालास, "ताई, आमचंच घे. डोळे मिटून घे." आम्ही तसंच घेतलं.

परवा शनिवारी दत्तारामने करंट कमी करायला मशीनची चाकी धरली आणि तो मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. उजव्या हाताची बोटं अर्धा तास वळत नव्हती. मी धावत गेले तर मलाच धीर देतो, "काय नाय बाई, गुदगुल्यो झाल्यो." एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, ओठ पांढरेफटक, आणि गुदगुल्या म्हणे.

आता दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात पेपरच्या आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या शेजारी, तुमच्या कंपनीची बोटभर जाहिरात आली आहे. "ग्राहकांच्या अधिक सोयीसाठी" नंबर ४१०१ ते ४४६० ही मशीनं परत घेऊन बदलून देणार आहात. आमचा नंबर ४२८७. बत्तीस वर्षं मी बॅलार्ड इस्टेटमध्ये साहेबांची पत्रं टाइप केली. कंपनी ग्राहकाची सोय केव्हा बघते, हे मला कुणी शिकवायला नको.

त्या मशीनमध्ये काय बिघडलं आहे ते साध्या मराठीत कळव. तोंडी निरोप नको. तोंडी बोललेलं कोणी पाळत नाही.

तुझी,
वसुताई


बोरीवली पश्चिम,
९ ऑगस्ट १९८६

ती. वसुताईस नंदकिशोरचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. अगोदर एक सांगतो, काळजीचं कारण नाही. डिझाइनमध्ये एक छोटी सुधारणा केली आहे, ती जुन्या ग्राहकांनाही मिळावी एवढाच हेतू. सहाशे कंपन्या असं करत नाहीत, आम्ही करतो, तर त्याचंही तुला वावडं.

वेल्डिंगमध्ये थोडाफार झटका बसतोच. दत्तारामला अर्थिंग नीट करून घ्यायला सांग. पायात गमबूट, खाली लाकडी फळी. ओल असेल तेव्हा मशीन चालवू नये, आणि सलग दोन तासांच्या वर चालवू नये.

नवीन मशीन सहा ते आठ आठवड्यांत मिळेल. फक्त एक कर, कंपनीला थेट पत्र लिहू नकोस. जे असेल ते माझ्यामार्फत. ऑफिसात फोनही नको, बोर्डावरची मुलगी सगळं ऐकते.

अनुपमाचं लग्न मार्गशीर्षात ठरतंय. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
नंदू


मुलुंड पूर्व,
१३ ऑगस्ट १९८६

चि. नंदू,

हात डोक्यावरच ठेवणार आहे, पण आधी तुझं डोकं कुठे आहे ते बघू.

ओल असेल तेव्हा चालवू नये, म्हणजे ऑगस्ट महिन्यात मुलुंडला चालवूच नये. तुझ्या अधिक सोयीच्या मशीनसाठी दत्तारामने वाळवंटात दुकान काढायला हवं होतं.

आमचे वायरमन अण्णा येऊन गेले. सत्तरीचे आहेत, फार बोलत नाहीत. मशीन चालू करून त्यांनी बाहेरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग सगळं बंद करून झाकण उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. जिथे आतली वायर येऊन जोडते तिथे बेकलाइटची एक पट्टी आहे. ती तापून तडकली आहे. तडा वाढला की वायर खाली येऊन पत्र्याला टेकते. अण्णा म्हणाले, "बाई, ही पट्टी आठ महिन्यांत तडकायची वस्तू नव्हे. ही स्वस्तातली आहे." अर्थिंगही त्यांनी तपासलं. आमच्या गॅरेजचं अर्थिंग माझ्या वडिलांच्या वेळचं आहे आणि नावापुरतं आहे, हे मी कबूल करते.

मी मेन स्विचमधले चिनीमातीचे दोन्ही फ्यूज काढून माझ्या कपाटात ठेवले आहेत. दत्ताराम भांडुपला दुसऱ्याच्या दुकानात रोजावर जातो. स्वतःचं दुकान असलेला माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते तू ये आणि बघ.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. या मशीनवर कोणी दगावलं आहे का?

वसुताई


बोरीवली पश्चिम,
२० ऑगस्ट १९८६

ती. ताई,

हे पत्र वाचून फाडून टाक.

हो. दोघं. एक बाहेरगावी, मे महिन्यात. दुसरा जूनमध्ये, ठाण्याच्या पुढे. दोन्हीकडे "ग्राहकाचा निष्काळजीपणा" असं लिहून फाइल बंद झाली. तिसरं काही व्हायच्या आत मशीनं परत यावीत, म्हणून ती जाहिरात. "धोका" हा शब्द घालायचा नाही असा वरून हुकूम आहे. मी मीटिंगमध्ये एकदा तोंड उघडलं होतं. साहेब म्हणाले, "चौबळ, तुमच्या मुलीचं लग्न आहे ना?" एवढंच म्हणाले.

तीनशेसाठ मशीनं. यादी माझ्याच टेबलावर आहे. आजपर्यंत चौऱ्याऐंशी परत आली. बाकीच्यांनी जाहिरात वाचलीच नसेल, किंवा वाचून म्हणाले असतील, आपलं तर चाललंय.

तुमचं नाव मी वर घेतलं आहे. फ्यूज काढलेस ते फार बरं केलंस, ते मशीन येईपर्यंत देऊ नकोस. आणि नवीन मशीन उतरवतानाच जुनं त्याच टेम्पोत चढवायचं, अशी अट आहे. तेवढी पाळ.

पत्र फाड, ताई.

नंदू


मुलुंड पूर्व,
२४ ऑगस्ट १९८६

चि. नंदू,

खरं बोललास, म्हणून मावशीचा मुलगा शोभलास. तेवढ्यासाठी या पत्रात तुला बोल लावत नाही. तुझ्या साहेबांना लावते.

दोन माणसं गेली आणि तिसरं जाऊ नये म्हणून पेपरात सोय छापली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्यापेक्षा अर्धं खरं बोलणारा वाईट, कारण त्याला झोप लागते. साहेबांना झोप चांगली लागत असणार.

तेव्हा आता माझं ऐक. जुनं मशीन मी देणार नाही. कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी, त्या मशीनमध्ये काय दोष होता हे लिहून येईल, त्या दिवशी न्यायला या. एकदा ते लोखंड तुमच्या आवारात गेलं की पट्टी कुणी बघितली, तडा कुणी बघितला? दत्तारामच्या हाताचं काय झालं, त्या दोघांचं काय झालं, याचा पुरावा म्हणून जगात एकच वस्तू आहे आणि ती माझ्या गॅरेजमध्ये आहे.

कंपनीला मी थेट पत्र टाकलं आहे. इंग्रजीत, दोन पानी. तुझं नाव कुठेही नाही.

वसुताई


बोरीवली पश्चिम,
१२ सप्टेंबर १९८६

ती. ताईस सा. न.

गणपती छान झाले असतील. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, या वर्षी मला आरतीतही लक्ष नव्हतं.

तुझं इंग्रजी पत्र आमच्याकडे चार टेबलांवर फिरलं. वकिलांनी त्यातल्या ओळींखाली लाल पेन्सिल मारली आहे. साहेबांनी मला विचारलं, "ही मिस कारखानीस तुमच्या ओळखीची?" मी नाही म्हणालो. तुला वाईट वाटेल, पण म्हणालो.

लेखी काहीही मिळणार नाही, ताई. दहा वर्षं थांबलीस तरी नाही. मात्र तुझ्या पत्राला घाबरून एक झालं, तुमचं मशीन लवकर निघालं. शनिवारी २० तारखेला टेम्पो येईल. ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय की जुनं मिळालं नाही तरी नवीन उतरवून ये. ही सवलत मी माझ्या जबाबदारीवर दिली आहे, कारण तुझा हट्ट मला ठाऊक आहे आणि दत्ताराम बिचारा उगाच अडकलाय.

पण मी हात जोडून सांगतो, ते देऊन टाक. तू त्याला पुरावा म्हणतेस. मला ते रात्री डोळ्यासमोर येतं तेव्हा पुराव्यासारखं दिसत नाही.

नंदू


मुलुंड पूर्व,
२३ सप्टेंबर १९८६

चि. नंदू यास आशीर्वाद. आज मनापासून.

टेम्पो शनिवारी साडेअकराला आला. नवीन मशीन हिरवंगार आहे, आतली पट्टी जाड आहे, अण्णांनी उघडून बघितली. टेस्टर पेटला नाही. अर्थिंगसाठीही त्यांनी गॅरेजमागे खड्डा खणून नवीन पट्टी पुरली, ती वायर नवीन मशीनला जोडून दिली.

ड्रायव्हर जुनं मागत होता. मी त्याच्या चलनावर इंग्रजीत स्वच्छ लिहून दिलं की जुनं मशीन ग्राहकाने स्वतःच्या इच्छेने स्वतःकडे राखून ठेवलं आहे, लेखी खुलासा मिळेपर्यंत. खाली सही, तारीख, वेळ. दत्ताराम म्हणाला, "बाई, दिऊन टाकूया, जागा अडता." मी म्हटलं, तू गप्प बस, तुला कायदा कळत नाही. मग त्यानेच ते ढकलत कोपऱ्यात नेलं आणि वर गोणपाट टाकलं.

फ्यूज मी त्याच्या हातात दिले. म्हटलं, लाव आणि कर सुरू. तर हा ढिम्म. आदल्या दिवसापासूनच पितृपक्ष लागला होता ना. "म्हाळांत नवा मशीन सुरू करूक नको, बाई. घटस्थापनेक नारळ फोडूया." मी म्हटलं, अरे, तुझे पूर्वज वरून बघत असतील तर म्हणतील, गाढवा, शॉक लागण्यापेक्षा हे बरं. तर म्हणतो, "बापाशीक जेवण घालूचा सोडून मशीनीक हार घालू?" मी हसले आणि नाद सोडला. सहा महिने पगार नाही, मिल नाही, अशा दिवसांतून हा माणूस गेला तो अशाच काहीतरी गोष्टींना धरून. त्याच्याजवळची तेवढी काठी मी का काढून घ्यायची?

वीणानगरच्या नव्या सोसायटीच्या बावीस ग्रिल त्याच्याकडे आहेत. तिथे सगळ्यांचे गृहप्रवेश दसऱ्याला, म्हणजे त्याआधी ग्रिल बसायला हव्यात. मी विचारलं, कसं करणार? म्हणाला, तोवर पट्ट्या कापून, वाकवून, भोकं पाडून ठेवतो, नवरात्रात जोडतो. काल दुपारी न्हाणीघराच्या झडपेतून गॅरेजमध्ये निळसर लखलख दिसली. ग्राइंडर चालवत असेल. चार वाजता चहा घेऊन गेले तेव्हा सहा ग्रिल भिंतीला टेकून उभ्या होत्या. काम उरकतो खरा.

आता खुलाशाचं बघ.

वसुताई


बोरीवली पश्चिम,
२५ सप्टेंबर १९८६

ताई,

तुझं पत्र आत्ता, संध्याकाळी घरी आल्यावर वाचलं.

ग्राइंडरच्या ठिणग्या पिवळ्या असतात. तांबूस असतात. निळ्या कधीच नसतात.

भिंतीला सहा ग्रिल उभ्या होत्या म्हणजे त्या जोडलेल्या होत्या. नवीन मशीन सुरू केलेलं नाही. मग कशाने जोडल्या?

फ्यूज काढून घे. पत्र वाचलंस की तशीच चप्पल घालून खाली जा आणि आधी फ्यूज काढ, मग त्याच्याशी भांड. तुझ्या खालच्या केमिस्टला दोनदा फोन केला, कोणी उचलत नाही. हे पत्र आत्ता स्टेशनवरच्या पेटीत टाकतो, रात्रीच्या डाकेने निघेल. रविवारी मी स्वतः येतो.

नंदू


बोरीवली पश्चिम,
६ ऑक्टोबर १९८६

ती. ताई,

हे तिसरं पत्र. उत्तर नाही. त्या रविवारी मी आलो होतो, तुझ्या दाराला कुलूप होतं आणि गॅरेजला पोलिसांचं सील. समोरच्या सुंदराबाईंनी सांगितलं. मग मी भांडुपला, दत्तारामच्या घरी, जायला निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. त्या घरात मी कोण म्हणून जाणार होतो?

गुरुवारी रात्री मला पत्र टाकायचं सुचलं. मुलुंडची गाडी धरायचं सुचलं नाही. दादरला बदलून दीड तासाचा रस्ता. मी काय विचार केला ते सांगतो, म्हणजे तुला माझी लाज वाटायला सोपं जाईल. मी विचार केला, उद्या ऑफिसात ऑडिट आहे.

दुसरंही सांगायला हवं. इथे सगळे निवांत आहेत. वकील आले होते. तुझं चलन त्यांनी मोठ्याने वाचलं. ग्राहकाने स्वतःच्या इच्छेने राखून ठेवलं, सही, तारीख, वेळ. साहेब म्हणाले, "बाईंचं इंग्रजी फारच सुरेख आहे." फाइलवर "कंपनीची जबाबदारी नाही" असा शेरा पडला. मी समोरच बसलो होतो.

माझं २० ऑगस्टचं पत्र तू फाडलंस का, एवढंच कळव.

नंदू


मुलुंड पूर्व,
१० ऑक्टोबर १९८६

चि. नंदकिशोर,

फाडलं नाही.

काय झालं ते लिहिते. कुणाला तरी एकदा लिहायला हवं, आणि सुरुवात तुझ्यापासून करते, कारण तू अर्धा आधीच यात आहेस.

शुक्रवार होता. सकाळभर पाऊस होता आणि शटरखालून पाणी आत आलं होतं. दत्तारामने फळी टाकली होती, पायात गमबूट होते. ओल सोडली तर तू सांगितलेलं सगळं त्याने केलं. जुन्या मशीनच्या पट्टीवर त्याने काळी टेप गुंडाळली होती. मला कळू नये म्हणून चाकीवरही गोणपाट टाकून काम करायचा, म्हणजे मी डोकावले तर मशीन झाकलेलंच दिसावं. ते गोणपाट त्या दिवशी भिजलेलं होतं.

तीनच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघरातला दिवा मंद झाला आणि तसाच राहिला. मी त्याला झापायलाच खाली गेले. तो मशीनला धरून उभा होता. पडला नव्हता, नंदू. उभा होता. मी हाक मारली, त्याने मान वळवली नाही. कपडे वाळत घालायच्या काठीने मी मेन स्विच पाडला, तेव्हा तो खाली आला.

एकोणीस ग्रिल जोडून झाल्या होत्या. कोपऱ्यात ते हिरवं मशीन होतं, वर हळदीकुंकवाची पुडी आणि नारळ आणून ठेवलेला.

तुझं पत्र शनिवारी सकाळी अकराला आलं. पोस्टमनने माझ्या हातात दिलं तेव्हा मी दत्तारामच्या घरीच निघाले होते.

त्याच्या बायकोला, रुक्मिणीला, मी सांगायला गेले होते की आपण कंपनीला सोडायचं नाही, मी आहे. तिने मला पाणी दिलं. बसायला पाट दिला. मग म्हणाली, "बाई, तुमी ठेवलास म्हणान तां थंय होतां." आवाज चढवला नाही. मला साठ वर्षांत कोणी गप्प केलेलं नाही. त्या बाईने केलं.

मी ते पुरावा म्हणून ठेवलं होतं. त्याला ते काम करणारं मशीन दिसत होतं. आपण आठ महिने जे हाताळलं ते धोक्याचं आहे, हे तो ऐकत होता, पण हाताला पटत नव्हतं. नव्याला मुहूर्त लागतो, जुन्याला लागत नाही. एवढं साधं गणित होतं आणि मी ते बघत असताना मला दिसलं नाही, कारण मी मनात खुलाशाची वाक्यं जुळवत होते. निळा उजेड मी पाहिला. तुला पत्रात लिहिलाही. तू वीस मैलांवर बसून जे ओळखलंस ते मी झडपेतून बघून ओळखलं नाही.

इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर येऊन गेले. मी त्यांना सगळी पत्रं दिली आहेत. तुझी सगळी, २० ऑगस्टचं धरून. आणि तुला लिहिलेल्या माझ्या पत्रांच्या नकलाही, ज्यात जुनं मशीन देणार नाही असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं आहे. चलनाबद्दल त्यांनी विचारलं, सही तुमची? मी हो म्हटलं. माझ्या सहीमागे तुझे साहेब लपणार असतील तर लपू देत, पण त्या दोन आधीच्या माणसांवर माझी सही नाही. तिथे त्यांना दुसरा आडोसा शोधावा लागेल.

तुझी नोकरी जाईल. अनुपमाच्या सासरच्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी क्षमा मागत नाही आणि तुझीही मला नको आहे.

एक काम मात्र कर. उरलेल्या मशीनांची यादी पाठव. नावं आणि पत्ते.

वसुधा


बोरीवली पश्चिम,
१४ ऑक्टोबर १९८६

ती. ताई,

तीनशेसाठपैकी एकशे पंचावन्न परत आली. तुमचं एक इन्स्पेक्टरांकडे. उरली दोनशे चार.

त्यातली मुंबईची एकोणचाळीस आहेत, ती पहिल्या दोन पानांवर. बाकीची जिल्हावार. टाइप करायला दिली असती तर बोभाटा झाला असता, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत हाताने उतरवली. काही पत्ते दुकानदाराने नीट घेतलेले नाहीत. घाटकोपरच्या तिघांचा पत्ता एकच लिहिलाय, तिथे मी काल जाऊन आलो. दोघांची मशीनं बंद करून घेतली. तिसऱ्याने मला हाकलून दिलं. पुन्हा जाणार आहे.

माझं पत्र दिलंस ते दिलंस. इन्स्पेक्टरांना म्हणावं, माझं नाव खोडू नका.

नंदू


मुलुंड पूर्व,
१७ ऑक्टोबर १९८६

श्री. भीमराज ससाणे,
दहिसर चेकनाक्याजवळ

स. न.

पुढे वाचण्याआधी तुमच्या वेल्डिंग मशीनचा मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. केलंत? आता वाचा.

तुम्ही मला ओळखत नाही. मी कंपनीची कोणी नाही. तुमच्याकडे वज्रतेजचं मशीन आहे, नंबर ४३०२. त्याच्या आतली पट्टी तडकते आणि बाहेरच्या पत्र्यात करंट येतो. जमीन ओली असेल तर माणूस सुटत नाही. जुलैत कंपनीने पेपरात दिलं होतं की सोयीसाठी बदलून देतो. ते सोयीसाठी नाही. तीन माणसं गेली आहेत. तिसरे माझ्या गॅरेजमध्ये गेले, त्यांचं नाव दत्ताराम घाडी. तुमच्यासारखेच कारागीर, हात फार चांगला होता.

तुम्ही म्हणाल, आमचं तर चाललंय. त्यांचंही आठ महिने चाललं होतं. तुम्ही म्हणाल, टेप लावून घेतो, गमबूट घालतो. त्यांनीही लावली होती, घातले होते.

बदली मशीन मागायचं पत्र मी तुमच्या नावाने लिहून सोबत ठेवलं आहे, खाली सही करा आणि पाठवा. नवीन मशीन दारात येईल त्याच दिवशी ते सुरू करा. त्या दिवशी अमावास्या असो, ग्रहण असो, घरात सुतक असो. नारळ नंतर फोडा. तुमच्या देवाला आणि तुमच्या पितरांना तुम्ही जिवंत असलेले जास्त आवडाल.

आणि जुनं घरात ठेवू नका. कोणी भाड्याने मागेल, देऊ नका. भंगारात घालू नका, तिथून कोणीतरी उचलतं. कंपनीकडून खुलासा हवा असेल, अद्दल घडवायची असेल, तरी ठेवू नका. माझ्यासारखी एखादी शहाणी बाई सांगेल की पुरावा आहे, कोपऱ्यात असू द्या. तिचं ऐकू नका. कोपऱ्यातली वस्तू अडलेल्या माणसाला रोज दिसते. मी ठेवलं होतं, म्हणून सांगते.

सोबत पत्ता लिहिलेलं कार्ड आहे. त्यावर "बंद केलं" एवढे दोनच शब्द लिहून पेटीत टाका. पुढच्या शुक्रवारपर्यंत ते आलं नाही तर शनिवारी सकाळी नऊ वाजता मी तुमच्या दुकानात येऊन बसेन, आणि तुम्ही माझ्यासमोर फ्यूज काढून देईपर्यंत उठणार नाही.

तोवर मशीनला हात लावू नका.

आपली,
वसुधा कारखानीस